लोवेलचं कलम

९ जानेवारी

कॅल्डवेल बाईंनी आज ऑफिसात सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. मला देताना म्हणाल्या, "रोज चार ओळी लिहीत जा लोवेल, भाषा सुधारेल." मी म्हटलं, "मॅडम, माझं काम खोकी उचलायचं. खोक्यांना कशीही भाषा चालते." त्या हसल्या. राजधानीत आल्यापासून मी तोंड उघडलं की लोक हसतात. आधी राग यायचा. आता म्हणतो, हसा.

तर चार ओळी. नाव लोवेल सायझमोर. शाळा नववीत सुटली. म्हणजे शाळेनेच मला सोडलं, मी अडवलं नाही. घर पॉप्लर घळीत. दोन डोंगरांमधून एक ओढा येतो आणि ओढ्याच्या कडेने वरून खाली चार घरं आहेत, बस्स. तिथून इथे यायला पूर्ण दिवस गाडी हाणावी लागते. आमचं ऑफिस कायद्यांचं. ज्याला एखादा कायदा हवा असतो किंवा नको असतो तो बाईंना पैसे देतो आणि बाई सेनेटर लोकांशी बोलतात. बोलणं चालू असताना सँडविचं मी आणतो.

चारपेक्षा जास्त झाल्या. उद्याची सुट्टी.

१२ जानेवारी

आज पण पहाटे फोन वाजला. एकदाच वाजला आणि कट. हा म्हातारा, माझा बाप. दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, "डॅडी, मी इथे राहत नाही आता." तो म्हणाला, "जा." तेवढंच. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. पण रोज पहाटे एक रिंग देतो आणि कापतो. मला वाटतं फोन लावेपर्यंत त्याला राग आवरतो, लागला की परत येतो. नाहीतर मी अजून लोळतोय हे मला कळावं म्हणून करत असेल. जन्मभर खाणीत पहाटेच्या पाळीला गेला. आता खाण बंद, छातीत निम्मा कोळसा भरलाय, चार पावलं चालला की थांबतो, पण जगाने पहाटे उठलंच पाहिजे.

एक बरं आहे, घड्याळ विकत घ्यावं लागलं नाही.

१४ जानेवारी

रविवार. घरी फोन केला. दहा रिंग दिल्या. उचलला नाही.

२१ जानेवारी

घरी फोन. दहा रिंग. नाही. आता बारा देऊन बघणार आहे.

२५ जानेवारी

नवीन काम आलंय, टेलिफोन कंपनीचं. राज्याचा टेलिफोनचा कायदा फार जुना झालाय म्हणे, तो नवा करायचा. त्याच्या प्रती काढायला मला बसवलं, तेव्हा मी थोडा वाचला. मजा आहे. दोन घरांत एकच लाइन असेल आणि एकजण ओरडला की आग लागलीय, तर दुसऱ्याने गप्पा थांबवून लाइन सोडायची, नाही सोडली तर तुरुंग. जोडणी करून देणाऱ्या मुलीशी शिवराळ बोललं तर दंड. कंपनीच्या घोडागाडीला पुलावर टोल नाही. प्रत्येक घराला दरवर्षी छापील नंबरांचं पुस्तक फुकट. आमच्याकडे त्या पुस्तकावर बसवून मला जेवायला घालायचे, टेबल उंच होतं म्हणून.

बाई म्हणाल्या, "ह्या सगळ्यावर कमिटी हसेल आणि सगळं खोडेल. हसता हसता शेवटचं कलम पण खोडलं जायला हवं." शेवटचं कलम असं की राज्यात कोणीही, कितीही आडरानात राहणारा, टेलिफोन मागेल तर कंपनीने दिलाच पाहिजे आणि चालू ठेवलाच पाहिजे. डोंगरात खांब पडतात, तारा तुटतात, त्या बांधत बसायला कंपनीला परवडत नाही. बरोबर आहे. मला पण नसतं परवडलं.

२ फेब्रुवारी

आज मोठीच गोष्ट झाली. बाईंनी विचारलं, "लोवेल, तू डोंगरातला ना? तुमच्या घरी भिंतीवरचा फोन आहे?"

"आहे की."

"कोण बोलतं त्यावर?"

"कोणीच नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कोणीच नाही?"

"मी दर रविवारी करतो, उचलत नाहीत."

"आणि तू स्वतः?"

मी माझा मोबाइल काढून दाखवला. बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या जसं कोणाला रस्त्यात पाकीट सापडावं. म्हणाल्या, "तू साक्ष देणार. कमिटीसमोर. मी तुला कोट देते."

मग त्यांनी नकाशा दाखवला. मोबाइल जिथे लागतो तो भाग गुलाबी. सगळं राज्य गुलाबी, पॉप्लर घळ पण गुलाबी. मी तिथे होतो तोपर्यंत मोबाइल लावायला डोंगर चढून चर्चच्या मागे जावं लागायचं. नंतर गुलाबी झालं असेल.

खरं म्हणजे घळीत टेलिफोनवर बोलायची पद्धतच नाही. बोलायचं असेल तर लोक चालत जातात. टेलिफोन सकाळच्या हाळीसाठी. सगळ्यात वर ओपलमावशी. ती उठली की डॉर्सीकाकाला एक रिंग देते आणि ठेवते. उचलायचं नाही. एक रिंग म्हणजे मी जिवंत आहे. मग डॉर्सीकाका खाली बर्लकाकाला देतो, बर्लकाका आमच्याकडे. वरून हाळी आली नाही तर खालच्याने उठून वर जाऊन बघायचं. असंच त्यांना एकदा ओपलमावशीचा नवरा सापडला होता, गोठ्यात. बोलणं नाही म्हणून पैसे पण पडत नाहीत. आमचा म्हातारा पुढची रिंग घळीच्या तोंडाशी दुकान होतं तिथे द्यायचा. मी निघालो त्याच हिवाळ्यात दुकान बंद पडलं. आता म्हातारा शेवटचा. त्याच्या खाली कोणी नाही. हाळी घ्यायची आणि कॉफी प्यायची, सुखी माणूस.

१५ फेब्रुवारी

साक्ष झाली. मी कोटात चांगला दिसत होतो.

खोली मोठी आणि थंड. सेनेटर लोक उंचावर बसतात, त्यामुळे त्यांच्या नाकपुड्या दिसतात. आगीच्या आणि शिव्यांच्या कलमांवर सगळे हसले. मग मला बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, "मिस्टर सायझमोर, तुमचे वडील टेलिफोन वापरतात का?"

"नाही सर. मी दर रविवारी करतो. आता बारा रिंग देतो. उचलत नाहीत."

लोक हसले.

"मग त्या तारेवरून कोणीच बोलत नाही असं म्हणता?"

"नाही सर. आमच्या अख्ख्या घळीत फोनवर कोणी बोलत नाही. माझ्या मोबाइलवर तिकडून रोज सकाळी फोन वाजतो, पण मी उचलायच्या आत कापतात."

आता तर फारच हसले. एका बाईने डोळे पुसले. कॅल्डवेल बाई मागे बसल्या होत्या, त्यांनी मला अंगठा दाखवला.

तेवढ्यात कोपऱ्यातले म्हातारे सेनेटर स्टॅम्पर जागे झाले. ते आमच्याच बाजूचे, सत्र चालू असताना झोपतात म्हणून प्रसिद्ध. म्हणाले, "पोरा, किती वेळा वाजतो?"

"एकदाच सर."

"रोज?"

"रोज सर."

"आणि तू काय करतोस?"

"काही नाही सर. उठतो."

त्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मला वाटलं परत झोप लागली. मग म्हणाले, "बरं. बस खाली." मत द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी एकट्याने विरोधात दिलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नकोस, वय झालंय."

१६ फेब्रुवारी

माझ्या साक्षीवरून बाईंनी विधेयकात एक नवं कलम घातलं. ज्या तारेवरून वर्षभरात एकही बोलणं झालेलं नाही ती तार मेलेली धरायची आणि कंपनीने काढून न्यायची. ऑफिसात सगळे त्याला लोवेलचं कलम म्हणतात. कॉफीच्या मशीनपाशी एकजण म्हणाला, "या कायदेपंडित." माझ्या घराण्यात आजपर्यंत कोणाच्या नावाने काही नव्हतं. एक चुलत आजोबा होते, त्यांच्या नावाने वॉरंट होतं.

१८ फेब्रुवारी

ही बातमी सांगायला घरी फोन केला. बारा रिंग. वाटलं, आज तरी उचलेल.

२९ मार्च

कायदा पास झाला. जुलैपासून लागू. गव्हर्नरच्या सहीच्या वेळी फोटो काढला, त्यात मी आहे. पूर्ण नाही, खांदा आहे. बाईंनी सगळ्यांना जेवण दिलं. मी कोट परत करायला गेलो तर म्हणाल्या, "ठेव तुला, पुढे लागेल."

इथे सगळं आहे माझं आता. खोली आहे, कोट आहे. तरी रविवार आला की पाय वळवळतात. उगाच नदीपर्यंत चालत जातो आणि परत येतो.

८ मे

दिवसभर पाकिटं भरली. कंपनीने नोटिसा छापल्यात: तुमची तार वापरात नाही असं दिसतं, ती काढण्यात येईल, चालू ठेवायची असल्यास महिन्याच्या आत खालील नंबरवर फोन करून कळवा. पत्त्यांमध्ये एक व्हर्लिन सायझमोर, पॉप्लर घळ. माझ्याच हाताने चिकटवलं. दोन वर्षं बापाला पत्र टाकीन टाकीन म्हणत होतो, ते असं झालं. आत दोन ओळी लिहाव्यात असं मनात आलं, पण छापील नोटीस असल्यामुळे बरं दिसलं नसतं.

म्हातारा नंबर फिरवून त्यांच्याशी चांगला भांडेल. माझ्याशी बोलत नाही, मशीनशी तरी बोलेल.

११ जून

नोटिसांची मुदत संपली. बाई कंपनीचा कागद वाचून दाखवत होत्या. खाली मैदानी भागातल्या दोन-तीनशे लोकांनी फोन करून तार ठेवायला सांगितलं, ती ठेवणार. डोंगरातल्या चार-पाच घळींतून एकाही माणसाचं बोलणं आलं नाही.

"गंमत बघा," बाई म्हणाल्या, "पॉप्लर घळीतल्या प्रत्येक घरातून फोन लागलाय. पण मशीनने उचलायच्या आधीच कापलाय. एकेक रिंग. ओपल नावाच्या कोणीतरी तर रोज केलाय, महिनाभर. चुकून हात लागत असेल का?"

सगळे हसले. मी पण हसलो. मग लक्षात आलं की त्यांनी आपल्या पद्धतीने कळवलंय. आहोत म्हणून. मी हे सांगणार होतो. पण बाईंनी पान उलटलं, आणि सँडविचं आणायची वेळ झाली होती, आणि परत आलो तेव्हा दुसराच विषय चालू होता. दुसऱ्या विषयात मध्येच घळीचं काय काढायचं.

शिवाय गुलाबी आहेच.

१२ जून

रिंग आली. उठलो. आज उचलावा असं वाटलं होतं, पण हात जाईपर्यंत कट.

९ जुलै

आज जागच आली नाही. फोन वाजलाच नाही. ऑफिसात उशिरा पोचलो, बाई काही बोलल्या नाहीत पण घड्याळाकडे बघितलं. आता तेवढं पण बंद केलं म्हाताऱ्याने. राग संपला असेल, नाहीतर वाढला असेल.

१० जुलै

परत उशीर. दुपारी जाऊन गजराचं घड्याळ आणलं. घरी फोन केला तर रिंग जातच नाही. मशीनमधल्या कोणा बाईचा आवाज येतो, हा नंबर अस्तित्वात नाही. आवाज गोड आहे.

म्हणजे तार काढली. कायद्याप्रमाणे बरोबर आहे. जुलै लागला.

११ जुलै

घड्याळ वाजलं. मी उठलो, दात घासायला लागलो, आणि ब्रश तोंडात तसाच राहिला.

दुकान बंद पडलं त्याच हिवाळ्यात मी निघालो. त्याच हिवाळ्यापासून माझा फोन वाजायला लागला. म्हाताऱ्याच्या खाली कोणी नाही असं मीच लिहिलंय, मागे फेब्रुवारीत. आता काढून वाचलं. स्वच्छ अक्षरात लिहिलंय.

खाली मी होतो.

आणि वरून हाळी आली नाही तर खालच्याने जायचं असतं. तीन सकाळी झाल्या. मी घड्याळ विकत आणलं.

निघतो. बाईंना सांगायला वेळ नाही.

१२ जुलै

पोचलो काल संध्याकाळी. लिहितोय आज.

घळीच्या तोंडाशी ट्रक उभा होता, त्यात तारेची वेटोळी. वाटेत माझा मोबाइल बघितला, चर्चच्या डोंगराखाली उतरलं की मेला. गुलाबी कुठे दिसलं नाही.

म्हातारा ओसरीवर खुर्चीत होता. मांडीवर घेवड्याच्या शेंगांचं घमेलं, पण शेंगा डॉर्सीकाका मोडत होता. म्हातारा नुसता बसला होता. नाकाला नळी. अर्धा झालाय.

डॉर्सीकाका म्हणाला, "आला बघ कायदा. पेपरात वाचलं तुझं."

मी म्हटलं, "डॅडी."

म्हातारा एक वाक्य बोलतो, मग श्वास घेतो, मग दुसरं. हे मी गेलो तेव्हा इतकं नव्हतं. म्हणाला, "तीन दिवस." श्वास घेतला. "मेलो असतो तर वास सुटला असता."

"मला कळलं नाही रे."

"कळेल कसं, राजधानीत राहतोस."

डॉर्सीकाकाने सांगितलं काय झालं ते. सोमवारी सकाळी तार गेली. ओपलमावशीची हाळी आली नाही म्हणून डॉर्सीकाका तिच्याकडे वर गेला. डॉर्सीकाकाची आली नाही म्हणून बर्लकाका वर गेला, डॉर्सीचं घर रिकामं बघून घाबरला आणि आणखी वर पळाला. दोघं ओपलमावशीच्या स्वयंपाकघरात भेटले. ती धडधाकट, मक्याचा पाव भाजत होती. म्हणाली, सगळे जिवंत आहात तर बसा. ते बसले. मग बर्लकाकाच्या लक्षात आलं की त्याची हाळी व्हर्लिनला गेली नाही, म्हणजे व्हर्लिन पण निघाला असेल. चढावर. त्या छातीने.

"ओढ्याच्या वळणाशी आडवा सापडला," डॉर्सीकाका म्हणाला.

"बसलो होतो," म्हातारा म्हणाला.

"तोंड मातीत घालून कोण बसतं?"

"मी बसतो."

अँब्युलन्स बोलवायला फोन नाही. बर्लकाका गाडी घेऊन चर्चच्या मागे चढला, तिथून फोन लावला. डॉक्टरने नळी दिली आणि सांगितलं, आता एक पायरी पण चढायची नाही.

डॉर्सीकाका शेंगा घेऊन आत गेला. मी पायरीवर बसलो. मग विचारलं जे दोन वर्षं विचारायचं होतं. "डॅडी, मी दर रविवारी फोन करायचो. बारा-बारा रिंग. एकदा पण उचलला नाहीस."

म्हाताऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की हे कसलं कार्टं जन्माला घातलं.

"पहिलीलाच कळायचं," तो म्हणाला. श्वास घेतला. "जिवंत आहेस. मग अकरा कशाला? मी काय बहिरा आहे?"

१३ जुलै

सकाळी वर जाऊन आलो. बर्लकाका शेळीचं दूध काढत होता. डॉर्सीकाका झोपलेला, दार वाजवलं तर आतून शिवी आली, म्हणजे आहे. ओपलमावशीने पाव दिला आणि म्हणाली, "लोवेल, तुझ्या त्या कंपनीला मी रोज हाळी दिली. एकाही सकाळी कोणी बघायला आलं नाही. काय माणसं आहेत का कोण आहेत?"

मी म्हटलं, "मशीन होतं मावशी."

"मग मशीनच्या खाली कोणी नव्हतं का?"

मी पाव खाल्ला. लोवेलचं कलम काय ते तिला सांगितलं नाही. डॉर्सीकाकाने आधीच सांगितलंय हे तिच्या तोंडावरून कळत होतं. तरी दुसरा पाव वाढला तिने.

१४ जुलै

ट्रकवाले आमच्या दारातला खांब काढायला आले. म्हातारा ओसरीवरून बघत होता. खांब पडला तेव्हा म्हणाला, "तुझ्या आजोबाने रोवला होता." मग म्हणाला, "तिरका रोवला होता."

दुपारी चर्चच्या मागे चढलो. मोबाइलला दोन काड्या आल्या. बाईंचे सात फोन येऊन गेलेले. कोट त्यांचा माझ्याकडेच आहे, तो पोस्टाने पाठवीन. काय बोलायचं ते ठरवत बराच वेळ दगडावर बसलो. नोकरी सोडतो म्हणायचं, की रजा हवी म्हणायचं, की त्या अकरा जूनला मी हसलो ते कशाला हसलो. म्हातारे सेनेटर स्टॅम्पर यांचा नंबर विचारून घ्यायचं पण मनात आलं. ते एकटेच जागे होते.

शेवटी बाईंचा नंबर लावला. एक रिंग दिली आणि कापला.

कळलं तर कळलं.

१५ जुलै

उजाडताना भिंतीवर एक टकटक झाली. पलीकडे म्हाताऱ्याची खाट. मी उत्तर दिलं नाही, द्यायचं नसतं.

उठलो, बूट घातले आणि वर निघालो.